‘सायलेंट’ जनरेटर: सोसायटीसाठी घेण्याआधी वाचा

आमच्या सोसायटीने लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी ६२.५ केव्हीए क्षमतेचा सायलेंट जनरेटर बसवला, त्याला एक पावसाळा होऊन गेला. खरेदीचं सगळं काम माझ्याकडे होतं. यंत्र चांगलं आहे, घ्या असंच सांगेन. फक्त ‘सायलेंट’ म्हणजे आवाजच नाही, असं समजून पैसे मोजू नका.

नियम असा की १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज कॅनोपीपासून (जनरेटरभोवतीच्या आवाज अडवणाऱ्या पेटीपासून) १ मीटरवर ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. २००५ पासून हे उत्पादकांवर बंधनकारक आहे. तेव्हा ‘सायलेंट’च्या नावाखाली कुणी जादा पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. आणि ७५ म्हणजे काही कमी नाही. शेजारी उभं राहून बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ आहे. ही तफावत मुख्यतः अंतरानेच भरून काढायची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात.

विक्रेत्याचा माणूस दोन विंगांमधल्या बोळात बसवा म्हणत होता, केबल कमी लागते म्हणून. तिथे आवाज दोन्ही भिंतींवर आपटत वरच्या बेडरूमपर्यंत गेला असता. मी कंपाउंडच्या लांबच्या कोपऱ्यात चौथरा बांधून घेतला. केबलचा खर्च वाढला, पण तो एकदाच.

खरी गोम दारांत आहे. कॅनोपीच्या आत जाड फोम आणि दारांच्या कडेने रबराची पट्टी असते. इंजिन तापतंय असं वाटून आमचा वॉचमन दार उघडं टाकायचा आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत धडधड ऐकू यायची. हवा खेळायची सोय दार बंद ठेवूनच केलेली असते, हे त्याला दाखवून दिलं तेव्हा थांबलं. पट्टी फाटली की आवाज तिथूनच बाहेर पडतो, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी दारांवरून हात फिरवून बघा.

ऑर्डर देण्याआधी आवाजाचं टाइप ॲप्रूव्हल सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलचा आवाज तपासून मर्यादेत असल्याचा दाखला, मागा. तोंडी ‘एकदम सायलेंट आहे साहेब’ वर भागवू नका. आणि ज्या सोसायट्या अजून जुना उघडा जनरेटर चालवतात त्यांनी तो बदलायचं मनावर घ्याच. त्याच्या डोक्यावरच्या खोलीत कुणी आजारी माणूस झोपलेला असतो.