'ब्लॅक पँथर'चा किलमाँगर: राग पटतो, मधली वर्षं पटत नाहीत

'ब्लॅक पँथर' चित्रपटातल्या वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या गादीवर बसल्या बसल्या खलनायक एरिक किलमाँगर बाग जाळायला सांगतो. ज्या हृदयाकार वनस्पतीच्या रसातून तिथल्या राजाला ब्लॅक पँथरची ताकद मिळते, तिचं एकही रोप मागे ठेवायचं नाही. विरोध करणाऱ्या बाईचा तो गळा धरतो. बहुतेक प्रेक्षक इथे 'क्रूर आहे' एवढी नोंद करून पुढे जातात. पण या पात्राचं मन वाचायचं तर सुरुवात इथूनच करावी. ज्याला राज्य करायचं असतं तो आधी वारसाची सोय बघतो. हा मात्र पुढच्या राजाची शक्यताच जाळून टाकतो, कारण जिंकल्यानंतरचा दिवस त्याने कधी डोळ्यांपुढे आणलेलाच नाही.

लहानपणी घरातलं माणूस हिंसेत गमावलेल्या मुलांमध्ये एक भावना घर करून बसू शकते: आपल्याला फार आयुष्य नाही, पुढचं ठरवण्यात अर्थ नाही. आघाताच्या मानसशास्त्रात ती चांगलीच परिचयाची आहे. रायन कूगलर आणि जो रॉबर्ट कोल यांच्या पटकथेत कुणी डॉक्टर येऊन हे समजावून देत नाही. एरिकच्या एकेका निर्णयातून ते दिसतं, आणि म्हणूनच २०१८ चा हा चित्रपट खलनायकासाठी पुन्हा बघण्याजोगा आहे.

कारणांची साखळी अशी. १९९२ साल, अमेरिकेतलं ओकलंड. एरिकचा बाप एनजोबू हा वाकांडाचा राजपुत्र, पण हेर म्हणून तिथे राहणारा. आजूबाजूच्या काळ्या लोकांचे हाल बघून त्याला वाटायला लागतं की वाकांडाची शस्त्रं यांच्या हाती द्यावीत, आणि त्यासाठी तो क्लॉ नावाच्या तस्कराला व्हायब्रेनियम हा वाकांडाचा मौल्यवान धातू चोरायला मदत करतो. सख्खा भाऊ, राजा टीचाका, त्याला जाब विचारायला येतो. एनजोबू त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या, राजाच्या माणसावर, झुरीवर, पिस्तूल रोखतो आणि टीचाकाच्या हातून मारला जातो. पोरगा खाली बास्केटबॉल खेळतोय. वाकांडाचं गुपित फुटू नये म्हणून राजा त्याला तिथेच सोडून जातो. वर आलेल्या मुलाला बापाच्या छातीवर पंजाच्या खुणा दिसतात.

आता या मुलाकडे काय उरलं ते बघा. बापाने सांगितलेल्या गोष्टी, त्यांतला जगातला सर्वांत सुंदर सूर्यास्त, आणि त्याच गोष्टीतल्या माणसांनी बापाला मारल्याचा पुरावा. जिथे जायची ओढ तिथलाच मारेकरी. सूड आणि घराची ओढ या दोन प्रेरणा पटकथेने वेगवेगळ्या चिकटवलेल्या नाहीत, त्या एकाच जखमेतून आल्या आहेत. तिसरी प्रेरणा राजकीय. जगभरातल्या आपल्यासारख्या दिसणाऱ्या दोन अब्ज माणसांना शस्त्रं पुरवायची. ही कल्पना मुळात एरिकची नाही, ती बापाची. गेलेल्या बापाला धरून ठेवण्याचा मुलाजवळ एकच मार्ग उरतो, त्याचं अर्धवट राहिलेलं काम हाती घेणं. मला या पात्रात सर्वांत खरं वाटलेलं धागादोऱ्याचं काम हे.

लंडनच्या संग्रहालयात किलमाँगर आफ्रिकी वस्तू बघतो, तो प्रसंग मराठी प्रेक्षकाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही. लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर. काचेपलीकडच्या वस्तू तुमच्या पूर्वजांनी विकत घेतल्या होत्या का, असं किलमाँगर तिथल्या तज्ज्ञ बाईंना विचारतो, तेव्हा प्रेक्षक त्याच्या बाजूला गेलेला असतो. त्या बाईंच्या कॉफीत विष घातलंय हे त्यानंतर कळतं. आधी न्याय्य मुद्दा, मग खून, हा क्रम पटकथेने विचार करून ठेवला आहे. त्यामुळे आपण त्याच्या रागाशी सहमत होतो आणि कृतीपाशी अडखळतो.

सर्वांत मोठा प्रसंग पूर्वजांच्या लोकाचा, त्या वनस्पतीचा रस घेतल्यावर राजाला जिथे गेलेली माणसं भेटतात. टीचाकाचा मुलगा, चित्रपटाचा नायक टीचाला तिथे जातो तेव्हा त्याला माळरान आणि झाडावर बसलेले पँथर दिसतात. एरिकला दिसतं ओकलंडचं तेच घर. बाप विचारतो, माझ्यासाठी डोळ्यांत पाणी नाही? लहानगा एरिक सांगतो की इथे सगळेच मरतात. मग मोठा एरिक दिसतो, डोळे भरलेला. धडपडत जागा होतो, आणि त्यानंतर लगेच तो बाग जाळायचा हुकूम. दु:ख वर यायला लागलं की ते दाबायला काहीतरी उद्ध्वस्त करायचं, ही सवय इथे दोन प्रसंगांच्या जोडणीतून कळते. एरिक झालेल्या मायकल बी. जॉर्डनने हे जवळजवळ न बोलता केलं आहे. या भूमिकेनंतर थेरपिस्टकडे जावं लागल्याचं त्याने पुढे जाहीरपणे सांगितलं, ते बघताना पटतं.

मग कुठे फसतं? मधल्या वर्षांत. आई कुठे आहे? एनजोबू एका अमेरिकन बाईच्या प्रेमात पडला, एवढं एक वाक्य येतं आणि ती बाई चित्रपटातून नाहीशी होते. बाप गेल्यावर मुलाला कोणी वाढवलं, कोणत्या शिक्षकाने जवळ केलं, कोणी हाकललं, काहीच नाही. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतला समाजकार्याचा कोणताही विद्यार्थी पहिल्यांदा हेच विचारेल, कारण बाप गमावलेली बहुतेक मुलं खुनी होत नाहीत. आघात आणि हिंसा यांच्यामध्ये माणसं असतात, घरं असतात, संस्था असतात. चित्रपट त्या जागी एमआयटी विद्यापीठ, अमेरिकी नौदलाची सील ही कमांडो तुकडी आणि अंगावरच्या खुणा ठेवतो, प्रत्येक खुनाची एक. सरकारने त्याला मारायला शिकवलं आणि त्याबद्दल शाबासकी दिली, हा मुद्दा भक्कम आहे. पण त्याने कौशल्य कुठून आलं ते कळतं, थंडपणा कुठून आला ते कळत नाही. लिंडा नावाची साथीदार प्रेयसी आहे. क्लॉ तिला ढाल करतो आणि एरिक क्षणही न घालवता तिला गोळी घालतो. तिच्याविषयी आधी दोन वाक्यं असती तर या गोळीचा अर्थ लागला असता.

त्याहून कच्चा सांधा टीचालाच्या मित्राचा, वकाबीचा. क्लॉने त्याचे आईवडील मारलेत, टीचालाला क्लॉ पकडता आला नाही, एरिक प्रेतच आणून टाकतो. इथवर ठीक. पण हिशेब चुकता झाल्यावर हाच माणूस स्वतःच्या जोडीदारणीसमोर, ओकोयेसमोर, शस्त्र घेऊन उभा राहतो, ते फार घाईचं आहे. खलनायक पटायचा तर त्याच्यामागे जाणारेही पटावे लागतात. शेवटची भुयारातली मारामारी तर संगणकाच्या करामतीत बुडाली आहे. दोघांचे चेहरे मुखवट्याआड, आणि जॉर्डनचं मुख्य साधन चेहराच.

त्याच वर्षीच्या 'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'मधल्या थॅनोसशी तुलना करा. साधनं पुरावीत म्हणून सृष्टीतले निम्मे जीव मारायचे, हे त्याचं गणितच कच्चं आहे: २०१८ ची आपली लोकसंख्या निम्मी केली तर आपण जेमतेम १९७० च्या सुमाराला पोचतो, म्हणजे अर्ध्या शतकात पुन्हा तिथेच. अर्थात चुकीचं गणित घट्ट धरून बसलेला माणूस अविश्वसनीय नसतो. मला खटकतो तो त्याचा शेवटचा निवांतपणा, अर्ध्या सृष्टीचा संहार करून सूर्य बघत बसण्याचा.

'क्रिश ३' (२०१३) मध्ये विवेक ओबेरॉयने केलेल्या 'काल' या खलनायकाची अडचण उलटी आहे. पांगळ्या शरीराला जुळणारी अस्थिमज्जा हवी, एवढी प्रेरणा पुरेशी होती. तिच्यावर रोग पसरवून औषध विकण्याचा धंदा चढवला, आणि तो बरा झाल्यावर मुंबईची मोडतोड कशासाठी चालली आहे हे कळेनासं झालं. 'मिन्नल मुरली' या मल्याळम चित्रपटाचा खलनायक शिबू मात्र किलमाँगरमधली पोकळी भरून दाखवतो. या चित्रपटाचा पहिला खेळ डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्याच मामी महोत्सवात झाला होता. गाव शिबूला वेडा ठरवून लांब ठेवतं, तो चहाच्या दुकानात राबतो, त्याला फक्त उषा हवी असते. शिबू झालेल्या गुरू सोमसुंदरमने ते रोजचं अपमानाचं जगणं आधी इतकं दाखवलंय की पुढची हिंसा आकाशातून पडत नाही.

'ब्लॅक पँथर' बघायचा तर मूळ इंग्रजी आवाजात, सबटायटल लावून. दरबारात सगळे वाकांडाच्या ढंगात बोलतात, एरिक एकटा ओकलंडच्या. मग स्वतःचं नाव सांगताना तो अचानक खोसा या आफ्रिकी भाषेत, वाकांडाच्या भाषेत, बोलतो आणि दरबार चरकतो. मूळ आवाजाशिवाय हा धक्का अर्धा होतो. रुईया-रुपारेलच्या एकांकिका लिहिणाऱ्या मुलांनी सुरुवातीचं निवेदन दुसऱ्यांदा जरूर ऐकावं. 'बाबा, गोष्ट सांगा' म्हणणारा तो मुलगा एरिकच आहे, हे पहिल्या वेळी लक्षात येत नाही.

लांबी २ तास १४ मिनिटं. घरी लहान मुलं सोबत असतील तर धबधब्यावरचं द्वंद्व आणि झुरीचा मृत्यू आधी स्वतः बघून घ्या. रक्त फार नाही, पण आपल्या माणसासमोर कुणाला मारणं दोन्हीकडे आहे, आणि मुलं प्रश्न तिथेच विचारतात.