पहिली स्पोर्ट्स बाईक सेकंड हँड घेताय? "नवीन आहात ना, म्हणून तसं वाटतंय" असं कोणी म्हणालं की व्यवहार थांबवा

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तीन-चार जणांनी विचारलं की पहिली गाडी म्हणून यामाहाची आर१५ सेकंड हँड कशी राहील, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिलेलं बरं. माझे पैसे गेले, गाडी अजून माझ्या नावावर नाही, आणि जी गाडी दिली ती पुढून ठोकलेली होती.

मी मूळची साताऱ्याची, नोकरी पुण्यात. घरी पप्पांची स्प्लेंडर, तिच्यावर गिअर शिकले, पण मनात पहिल्यापासून फुल फेअरिंगची, म्हणजे पुढून आणि बाजूंनी पूर्ण प्लास्टिकच्या आवरणाची गाडी. लर्निंग लायसन्स काढलं २०२३ च्या उन्हाळ्यात आणि लगेच गाडी बघायला लागले. नवीन आर१५ ऑन रोड दोन लाखांच्या पुढं जात होती, तेवढं बजेट नव्हतं, म्हणून सेकंड हँड. आता आधी एक सांगते, आर१५ निवडली त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही, शिकणाऱ्यासाठी चांगलीच गाडी आहे, १५५ सीसी, वजन १४० किलोच्या आसपास, स्लिपर क्लच असल्यामुळे घाईत गिअर खाली टाकला तरी मागचं चाक एकदम अडकत नाही. सीटची उंची ८१५ मिलिमीटर आहे तेवढी फक्त कमी उंचीवाल्यांनी बसून बघावी.

दुकान पिंपरी-चिंचवड साइडला होतं, बाहेर ओळीने पंधरा-वीस गाड्या. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो "ताई, लायसन्स पक्कं आहे की लर्निंग?" मी म्हटलं लर्निंग. तेव्हा वाटलं काळजीने विचारतोय. आता कळतंय की हा प्रश्न गिऱ्हाईक जोखायचा होता, कारण त्यानंतर त्याने जे जे केलं ते सगळं याच उत्तरावर उभं होतं.

सुरुवात केली केटीएमच्या आरसी ३९० पासून. "ताई, नवीन आर१५ च्या किमतीत ही घेऊन जा, दोन वर्षांनी परत अपग्रेड करायची कटकट नाही." ३७३ सीसी, चाळीसच्या वर हॉर्सपॉवर, आणि समोर बसलीये ती मुलगी जिने आयुष्यात शंभर सीसीच चालवलीये. युरोपात लायसन्सलाच पायऱ्या आहेत, आधी १२५ सीसी, मग ए२ नावाच्या मधल्या लायसन्सला ३५ किलोवॅटपर्यंत, मग पुढं. आपल्याकडे अठरा वर्षं पूर्ण झाली आणि गिअरवाल्या गाडीचं लायसन्स मिळालं की शंभर सीसी घ्या नाहीतर हजार, कायदा अडवत नाही. त्यामुळे हे सांगायचं काम विकणाऱ्यावर किंवा घरच्यांवर येतं, आणि विकणारा ते करत नाही. मी नको म्हटलं तेव्हा "बरोबर आहे तुमचं, समजूतदार आहात" म्हणून त्याने आर१५ व्ही३ पुढं आणली. मोठी गाडी नाकारल्यावर माणसाला वाटतं आपण नीट विचार करतोय आणि समोरचाही आपलं ऐकतोय, मग दुसऱ्या गाडीकडे तेवढ्या कडक नजरेने बघितलं जात नाही. ही त्यांची ठरलेली पद्धत आहे, नंतर दुसऱ्या एकालाही अगदी अशीच आधी ३९० दाखवलेली कळली.

गाडी २०१९ ची, एमएच १४ पासिंग, फर्स्ट ओनर, ड्युअल चॅनल एबीएस (ब्रेक मारल्यावर दोन्ही चाकं अडकू न देणारी सिस्टीम), मीटरवर पावणेनऊ हजार किलोमीटर. नुकतीच धुतलेली, अजून ओली. इंजिन गरम, म्हणजे मी येण्याआधीच चालू करून ठेवलेलं. ओल्या गाडीवर बारीक चरे आणि रंगातला फरक दिसत नाही, आणि गरम इंजिन पहिल्या सेल्फला उठतं, थंड इंजिनचा आवाज, धूर काही कळत नाही. सेकंड हँड गाडी बघायला सकाळी लवकर जा, न सांगता जा, आणि इंजिनला हात लावून बघा थंड आहे का. गरम असेल तर चहा प्या, वेळ काढा, परत बघा.

टेस्ट राइड मागितली तर म्हणाला लर्निंगवर देत नाही, इन्शुरन्सचा प्रॉब्लेम होतो, मी चालवतो तुम्ही मागे बसा. आता लर्निंग लायसन्सवर पुढंमागं लाल एल लावून, पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा मागे बसवून गाडी चालवता येते, म्हणजे मी पुढं आणि तो मागे असं सहज झालं असतं. पण मला मागे बसवलं. मागे बसलेल्याला हँडल कळत नाही. तो एका बाजूला जोर लावून गाडी सरळ धरत होता हे मला कसं दिसणार.

१ लाख १२ हजाराला ठरलं. सरकारच्या 'वाहन' या गाड्यांच्या नोंदींच्या साइटवर नंबर टाकला तर फायनान्स, म्हणजे गाडीवर कर्ज, दाखवत होतं, मी विचारलं. "ताई, लोन कधीच क्लिअर झालंय, साइट अपडेट नाही, बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) या आठवड्यात येतेय, तुम्ही गाडी घेऊन जा, शिकायला सुरुवात करा." मूळ मालक परदेशात गेलाय म्हणे. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या आधीच करून ठेवलेल्या, बाकी फॉर्म कोरे. निम्मे पैसे कॅश, निम्मे यूपीआय, आणि यूपीआय दुकानाच्या नावावर नाही तर भलत्याच कोणाच्या तरी. पावतीवर खाली बारीक अक्षरात "गाडी पाहून पसंत केली आहे, नंतर तक्रार चालणार नाही". इन्शुरन्स विचारला तर "२०२४ पर्यंत आहे". होता, पण फक्त थर्ड पार्टी. सप्टेंबर २०१८ पासून नव्या टू व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी सुरुवातीलाच घ्यावा लागतो, त्यामुळे २०१९ च्या कुठल्याही गाडीवर ती तारीख दिसणारच, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर चालू आहे असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही.

गाडी घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी जाणवलं की डावीकडे ओढतेय. साठच्या वर हँडलला बारीक थरथर. ब्रेक मारला की पुढून टक् असा आवाज. फोन केला. "ताई, क्लिप-ऑन हँडल आहे, स्प्लेंडरसारखं हलकं नसतं, नवीन आहात म्हणून तसं वाटतंय." डावीकडे ओढतेय म्हटलं तर "तुमच्या खांद्यांचा जोर सारखा पडत नाही, सगळ्या नवीन लोकांचं असंच होतं". आवाजाला उत्तर काय, तर "एबीएस आहे ना, तो असाच आवाज करतो". एकही उत्तर उघड खोटं वाटत नाही बघा. शिकणाऱ्या माणसाला चांगली गाडी कशी चालते हेच माहीत नसतं, तुलना करायला काही नसतं, आणि हे लोक नेमकं तिथंच बोट ठेवतात. मी कित्येक दिवस कोपर सैल ठेवायची प्रॅक्टिस करत राहिले, व्हिडिओ बघत राहिले, आणि वाकडी गाडी होती. कात्रज घाट उतरताना एका वळणावर पुढचं चाक जिकडं जायला नको तिकडं गेलं आणि मी समोरून येणाऱ्या टेम्पोच्या फार जवळ पोचले. हे पैशांचं प्रकरण नाही असं मला तेव्हापासून वाटतं. वाकडी गाडी शिकाऊ माणसाच्या हातात देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे, आणि ते माहीत असून करतात.

शेवटी पप्पांच्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक काका आहेत त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी आधी गाडी चालवलीच नाही. समोर उकिडवे बसले आणि पुढचे दोन्ही शॉकअप एका रेषेत आहेत का ते एक डोळा मिटून बघितलं. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मग फेअरिंग उघडली. आत फेअरिंगचे अडकवायचे कान तुटलेले होते आणि सगळं झिप टायने बांधलेलं. रेडिएटरच्या जाळीचा एक कोपरा चेपलेला. आणि हँडल जिथं चासीला थांबतं तो स्टॉपर, लोखंडाचा छोटासा ठोकळा असतो, तो एका बाजूला चेपून गेलेला आणि त्याच्या आजूबाजूला काळा स्प्रे मारलेला. काकांनी नखाने खरवडलं, खाली जुना रंग तडकलेला, आणि चासीच्या नळीवर पत्र्याला पडते तशी सुरकुती. "पोरी, ही समोरनं जोरात धडकलीय. शॉकअप प्रेसमध्ये घालून सरळ केलेत, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेलाय, आणि चासी काय सरळ होत नसते." मग चेन स्प्रॉकेट दाखवलं, दात टोकदार झालेले. मागचा टायर बदललेला, पुढची डिस्क झिजून तिच्यावर कोरलेल्या कमीत कमी जाडीच्या जवळ आलेली. पावणेनऊ हजारात हे होत नाही. मीटरच दुसऱ्या गाडीचं काढून बसवलेलं निघालं, कारण सर्व्हिस सेंटरला चासी नंबर सांगून जुनं जॉब कार्ड काढायला लावलं तर त्यात दीड वर्षापूर्वीच सत्तावीस हजार किलोमीटर लिहिलेले.

आणि एनओसी? ती आलीच नाही. लोन क्लिअर झालेलंच नव्हतं, हप्ते थकलेले होते. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ वर त्यांची सही असल्याशिवाय एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरत नाही, आणि बँकेच्या संमतीशिवाय आरटीओत नाव बदलत नाही. म्हणजे बँकेची माणसं कुठल्याही दिवशी रस्त्यात गाडी अडवू शकतात.

आता घेणाऱ्यांनी काय बघायचं ते. आधी कागद, मग गाडी, कारण गाडी बघितली की मन बसतं आणि कागदातल्या गोष्टी किरकोळ वाटायला लागतात. एचपी दिसत असेल तर बँकेची ओरिजिनल एनओसी हातात आल्याशिवाय टोकन म्हणून पाचशे रुपयेसुद्धा देऊ नका. जुन्या इन्शुरन्स पॉलिसीची कॉपी मागा, त्यात एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) किती टक्के आहे बघा, क्लेम नसेल तर तो २० पासून वाढत ५० पर्यंत जातो, आणि चार वर्षांच्या गाडीला शून्य असेल तर मधे क्लेम झालाय किंवा पॉलिसी खंडित झालीय, दोन्हीचं उत्तर मागा. ई-चलान बघा. हँडलखाली चासीवर कोरलेला नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, त्यावरून टायर गाडीबरोबरचा आहे की नंतरचा ते कळतं. ब्रेक-क्लच लिव्हरची टोकं, बार एंड (हँडलच्या टोकाची वजनं), फूटपेगची टोकं घासलेली असतील किंवा उलट सगळी एकदम नवी कोरी असतील तर विचारा का. स्टॉपर टॉर्च लावून बघाच. तो बदलता येत नाही, चासीचाच भाग असतो, त्यामुळे तिथलं लपवायला फक्त रंगच मारतात.

आणि दुकानदाराकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते मागा. माझ्या दुकानदाराकडे नव्हतं हे मला नंतर माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर कळलं. मालकाशी भेट किंवा निदान व्हिडिओ कॉल झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि जे द्याल ते पावतीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात. टेस्ट राइड स्वतः करता येत नसेल तर पक्कं लायसन्स असलेला कोणी भाऊ, मित्र, मैत्रीण न्या जिने ते मॉडेल आधी चालवलंय, आणि मेकॅनिक आपला न्या. त्याला पाचशे-हजार द्यावे लागले तरी द्या.

ज्यांनी आपली गाडी विकलीये त्यांनाही सांगते, नुसत्या सह्या करून कोरे फॉर्म देऊ नका. आरटीओच्या रेकॉर्डवर जोपर्यंत तुमचं नाव आहे तोपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय.

ज्यांच्या बाबतीत असं होऊन गेलंय त्यांनी दुकानदाराशी फोनवर भांडत बसू नका, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारा म्हणजे उत्तरं राहतात. गाडी खोलायच्या आधी व्हिडिओ चालू करा, मेकॅनिककडून किंवा सर्व्हिस सेंटरकडून लेखी रिपोर्ट घ्या, जॉब कार्डची कॉपी घ्या. रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही आणि ऑनलाइन दाखल करता येते, फक्त विकणारा धंदा करणारा हवा, एखाद्याने स्वतःची गाडी विकली असेल तर तिथं जमत नाही. "नंतर तक्रार चालणार नाही" वाचून गप्प बसू नका, माझ्या वकिलांनी ती ओळ वाचली आणि बाजूला ठेवली, दोष लपवून विकलेल्या मालाला ती लागू होत नाही असं त्यांनी आयोगापुढं मांडलंय. पोलिसात फसवणुकीचा अर्जही दिलाय. नोटीस गेल्यावर दुकानदाराने तीस हजार परत दिले आणि केस मागे घ्या म्हणून मध्यस्थ पाठवला, मी घेतलेली नाही. त्या दुकानातून कोणी २०२३ नंतर गाडी घेतली असेल आणि एनओसी अडकली असेल तर मला मेसेज करा, नाव खासगीत सांगेन, तक्रारी एकत्र गेल्या तर जोर येतो.