लुंबिनी की फुंत्शोलिंग? एका दिवसाची सीमापार फेरी, बेळगावकरांसाठी

दिवाळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून उत्तरेच्या सहली सुटतात आणि दोन प्रश्न हमखास कानावर येतात. काशी-अयोध्येला निघालेले विचारतात, "गोरखपूरपर्यंत जातोयच, तर एक दिवस लुंबिनी करून येऊ काय?" दार्जिलिंगला निघालेले विचारतात, "भूतान गेटच्या आत जाऊन संध्याकाळी परत येता येतं म्हणे, खरं काय?" लुंबिनी नेपाळात, आणि भूतान गेटच्या आतलं गाव म्हणजे फुंत्शोलिंग; दोन्ही जमतं. पण नेपाळची वाट आणि भूतानची वाट यांत कागदपत्रांचा फार फरक आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की तिथे बघायला काय आहे हे नंतर बघा. आधी घरात ज्याचे कागद सगळ्यांत कच्चे आहेत त्याला कोणती सीमा आत घेईल ते बघा. अकरा जणांचं घोडं नेहमी बाराव्यापाशीच अडतं.

पंजाबातल्या घुमानला संत नामदेवांच्या दर्शनाला जाणारे सीमेपलीकडच्या, पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाऱ्याबद्दलही विचारतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती मार्गिका सुरू झाली तेव्हा पासपोर्ट, आधी ऑनलाइन नोंदणी आणि २० डॉलर शुल्क एवढ्यावर दिवसाभरात दर्शन होत असे. मे २०२५ मध्ये आपल्या बाजूने ती बंद झाली. पुन्हा उघडल्याची पक्की बातमी हातात आल्याशिवाय तो बेत आखू नका.

आधारवर भिस्त नको

लॉजपासून बँकेपर्यंत सगळीकडे आधार चालतं, म्हणून माणसं तेवढंच खिशात घालून निघतात. नेपाळ आणि भूतान, दोन्ही सीमांवर प्रौढ माणसाला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र यांपैकी एक लागतं, आणि तेही मूळ. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो धरू नका. कोविडात कोगनोळी नाक्यावरून आरटीपीसीआरचा कागद नाही म्हणून किती गाड्या परत फिरल्या ते आपल्या भागाला वेगळं सांगायला नको.

आता फरक. नेपाळच्या बाबतीत १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना सूट आहे: फोटो आणि वय दाखवणारं आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स असं काहीही चालतं. १५ ते १८ या वयातल्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं ओळखपत्र चालतं. शिवाय कुटुंब एकत्र असेल आणि एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटोचा आणि नात्याचा पुरावा पुरतो. थोडक्यात, आजी, नातवंडं, दहावीतली मुलगी असा सगळा गोतावळा नेपाळला निभावून जातो.

भूतानला ही सवलत नाही. तिथे ८० वर्षांच्या आजोबांनाही पासपोर्ट किंवा मतदार कार्डच लागतं, आणि पासपोर्ट असेल तर त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा पासपोर्ट किंवा इंग्रजीतला जन्मदाखला हवा, आणि बरोबर आई-वडील किंवा कायदेशीर पालक हवेत. काका-मावशीबरोबर भाच्यांना पाठवायचा बेत असेल तर भूतान सोडून द्या. जन्मदाखला आधी काढून बघा. जुना दाखला फक्त कन्नडात असेल तर जयगावला (भूतान गेटच्या अलीकडचं आपलं गाव) पोचल्यावर कपाळावर हात मारून उपयोग नाही. इंग्रजी मजकूर असलेला निघण्याआधीच घ्या.

मतदार कार्डही एकदा उजेडात धरून बघा. आपल्याकडच्या जुन्या लॅमिनेट केलेल्या कार्डांवर गाव अजून बेल्गाम असतं, फोटो इतका काळवंडलेला असतो की नवरा-बायकोची कार्डं अदलाबदल झाली तरी कळू नये, आणि नाव आद्याक्षरांत कोंबलेलं. बेल्गाम असल्याने काही बिघडत नाही, शहराचं नावच २०१४ साली बदललं. पण चेहरा ओळखू येत नसेल, किंवा सुनेच्या कार्डावर माहेरचं नाव आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव असेल, तर भूतानच्या काउंटरवर प्रश्न येणारच. दुरुस्तीला आणि जुन्याच्या बदली नव्या कार्डाला फॉर्म ८ लागतो, तो आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो. कार्ड हातात पडायला वेळ जातो, तेव्हा तिकिटं काढायच्या आधीच हे काम उरका. पासपोर्टसाठी आता हुबळी गाठावी लागत नाही, बेळगावच्या पोस्टात सोय आहे. ज्यांना पुढे कधी दुबई-सिंगापूर करायचं आहे त्यांनी सरळ तोच काढावा.

सीमेवर प्रत्यक्ष काय होतं

गोरखपूरपासून सुनौली, हे आपल्या बाजूचं सीमेवरचं गाव, साधारण शंभर किलोमीटर. पलीकडे बेलहिया, मग भैरहवा, आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवर लुंबिनी. कमानीखालून सायकली, रिक्षा, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बायका इकडून तिकडे जात असतात. सशस्त्र सीमा बलाचा जवान एखाद्याला थांबवतो, पिशवी बघतो, बाकीचे पुढे. तुम्हाला कदाचित कोणी कागद विचारणारही नाही. त्यावर विसंबू नका, कारण विचारलंच तर परतीच्या वाटेवर विचारतात, आणि तेव्हा तुम्ही परदेशात असता.

फुंत्शोलिंगचा मामला निराळा. जयगावची बाजारपेठ संपते तिथे भिंत आणि प्रसिद्ध गेट, पण पायी जाणाऱ्यांची वाट बाजूच्या वेगळ्या टर्मिनलमधून. रांग, कागदांची तपासणी, नोंद, मग आत. आत पाऊल टाकताच हॉर्न थांबतात आणि झेब्रा क्रॉसिंगवर गाडी तुमच्यासाठी उभी राहते. खडेबाजारात वाढलेला माणूस पहिल्यांदा बिचकतोच. मुक्काम केला तर भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं (६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं), दिवसाची फेरी त्यातून सुटते. मात्र दिवसाची फेरी म्हणजे हे सीमेवरचं गावच. पारो-थिंपू त्यात बसत नाही.

भूतानमध्ये तुमची नोंद होते, नेपाळमध्ये बहुधा होत नाही. नेपाळची मोकळीक सोयीची असली तरी तिथे काही बरंवाईट झालं तर तुम्ही सीमा ओलांडलीत हेच कुणाला ठाऊक नसतं. म्हणून सुनौलीला निघताना गोरखपूरच्या लॉजवर आणि घरी सांगून जा, टॅक्सीचा नंबर पाठवून ठेवा. पलीकडे नेपाळी पाटीचीच गाडी करा.

केए-२२ ची स्वतःची गाडी तिकडे न्यायचा मोह काही जणांना होतो. नेपाळात त्यासाठी सीमेवरच्या कार्यालयात भन्सार (तिथलं सीमाशुल्क) भरून दिवसाच्या हिशेबाची पावती घ्यावी लागते. ती झाली तरी आपली मोटार विम्याची पॉलिसी भारताबाहेर लागू होत नाही. नेपाळ-भूतानसाठी विमा कंपनीकडून भौगोलिक विस्ताराची वेगळी नोंद करून घ्यावी लागते. हे न करता गाडी नेली आणि भैरहव्यात कुणाला धक्का लागला, तर निस्तरणं तुमच्या खिशातून. मेडिक्लेमचंही बहुतेक तसंच. एका दिवसासाठी एवढा उपद्व्याप कशाला? गाडी सुनौलीत लावा आणि चालत जा.

पैशांत भूतान सोपा. न्गुलट्रम आणि रुपया एकास एक, आपल्या नोटा बाजारात चालतात. नेपाळात आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. तिथे डिसेंबर २०१८ मध्ये २००, ५०० आणि २००० च्या नोटांवर बंदी आली. अलीकडे ती सैल करायच्या हालचाली झाल्या, तरी खिशात शंभराच्याच नोटा ठेवा, दुकानदाराशी हुज्जत नको. यूपीआय दोन्हीकडे आलं आहे, पण त्याला नेट लागतं आणि रोमिंग तुम्ही सुरू केलेलं नसतं. घड्याळही सांभाळा: नेपाळ आपल्यापुढे १५ मिनिटं, भूतान ३०. मोबाइल आपोआप वेळ बदलतो आणि गोरखपूरच्या गाडीचा हिशेब चुकतो. नेपाळात पोलीस १००, पर्यटक पोलीस ११४४. भूतानमध्ये पोलीस ११३, आणि ११२ ही तिथली रुग्णवाहिका.

कधी जाऊ नये

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात तरुणांचं आंदोलन पेटलं, संसद जळाली, पंतप्रधान ओलींना जावं लागलं आणि सीमेवरची ये-जा विस्कळीत झाली. पुढच्याच महिन्यात मिरिक-दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळल्या, दुधियाचा लोखंडी पूल पडला, डुआर्सच्या (भूतानच्या पायथ्याचा, जयगावकडचा पट्टा) नद्या रस्त्यावर आल्या. म्हणजे दोन्ही वाटांचा भरवसा आदल्या रात्रीच्या बातम्या बघूनच धरायचा. कुठल्याही बाजूच्या निवडणुकांच्या तोंडावर सीमा बंद ठेवतात. डिसेंबरअखेर ते जानेवारी गोरखपूरकडे धुकं इतकं असतं की रात्रीची गाडी सकाळी येते; तेव्हा लुंबिनी नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत उरका. आणि कोणी कितीही गोड बोलून "ही पिशवी तेवढी पलीकडे पोचवा" म्हटलं तरी हात लावू नका.

मग कुठे?

काशीला निघालेल्या घराने, वयस्कर मंडळी बरोबर असतील तर, लुंबिनीच करावी. इसवी सनापूर्वी २४९ मध्ये अशोकाने उभारलेला स्तंभ, मायादेवी मंदिर, आणि केन्झो तांगे या जपानी वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावर वसलेले देशोदेशीचे विहार यांत दिवस अपुरा पडतो. निपाणी-चिकोडीकडच्या बौद्ध कुटुंबांसाठी तर सारनाथ-कुशीनगरनंतर लुंबिनी वगळणं शक्यच नाही.

फुंत्शोलिंग मात्र मुद्दाम उठून जाण्याइतकं नाही. बाजारातलं छोटं मंदिर, नदीकाठ, मगरींचं केंद्र, चढावरचा मठ, झालं. सांबऱ्याच्या विमानतळावरून दिल्ली, तिथून बागडोगरा, पुढे सिलिगुडीहून दीडेकशे किलोमीटर एवढं करून फक्त तेवढं बघायचं, हे मला पटत नाही. डुआर्समध्ये जलदापाऱ्याला मुक्काम असेल आणि सगळ्यांचे कागद चोख असतील तर जरूर जा. हासिमारा-जयगाव तिथून हाकेच्या अंतरावर.

आणि दार्जिलिंगला गेलात पण भूतानसाठी कुणाचा तरी कागद कमी पडला, तर मिरिकच्या वाटेवरच्या पशुपतीनगरला जा. तो नेपाळ आहे, म्हणजे नियमही नेपाळचेच: सत्तरीची आजी आधारवर, दहावीतली मुलगी शाळेच्या कागदावर, बाकीचे मतदार कार्डावर. बाजार म्हणजे जॅकेटं, छत्र्या, चादरी. भावात घासाघीस करावीच लागते, आणि दोन तासांत परत.