लहान पक्षाचा उदय आणि उतार: प्रबंधासाठी शेकाप घ्यावा की मगोप?

राज्यशास्त्राच्या एम.ए.चा प्रबंध लिहायला बसलेल्या दोघांनी गेल्या महिनाभरात मला एकच प्रश्न विचारला. लहान पक्ष वाढतो कसा आणि ओसरतो कसा हे अभ्यासायचं, तर महाराष्ट्रातला शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) घ्यावा की गोव्यातला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप)? दोन्ही पक्ष बहुजनांचे, दोन्हींच्या मुळाशी कुळांचा प्रश्न, आणि दोघांच्याही वाट्याला आज विधानसभेत एक-दोन जागा. वरवर जुळे वाटतात. पण ते ओसरले वेगवेगळ्या रीतीने, आणि निवड त्यावरूनच करावी असं मला वाटतं.

आधी शेकाप. मी अलिबाग तालुक्यात वाढलो, तिथे ‘लाल बावटा’, म्हणजे शेकापचा झेंडा, म्हटलं की दुसरं काही सांगावं लागत नसे, तेव्हा माझा ओढा कुठे आहे हे लपवत नाही. १९४७ च्या ऑगस्टमध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आळंदीत एकत्र येऊन संघटना उभी केली, ती काँग्रेसच्या आत राहूनच. काँग्रेसने पक्षांतर्गत गटांना मनाई केल्यावर ही मंडळी बाहेर पडली. १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीत पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. तो ‘दाभाडी प्रबंध’ मुळातून वाचा, कारण पुढच्या बऱ्याच भांडणांचं बीज त्यात आहे. सत्यशोधक परंपरेतून आलेला शेतकरी आणि क्रांतीची भाषा यांची मोट बांधणं अवघड गेलं. १९५२ साली मुंबई विधानसभेत पक्षाला १४ जागा मिळाल्या, आणि त्यानंतर दोन वर्षांतच खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने पक्षाला बळ दिलं खरं, पण राज्य मिळालं आणि यशवंतराव चव्हाणांनी इतर पक्षांतली माणसं काँग्रेसकडे ओढणारं बेरजेचं राजकारण सुरू केलं. यशवंतराव मोहित्यांसारखे मोहरे एकेक करून पलीकडे गेले. साखर कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा अशी सगळी सत्ता काँग्रेसच्या हाती असताना शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याने बाहेर राहायचं तर त्याला मोठी किंमत मोजावी लागत होती.

तरीही पक्ष संपला नाही, आणि अभ्यासाला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. आकडे पाहा: १९६७ साली १९ आमदार, १९७२ ला ७, १९७८ ला १३, १९८५ ला पुन्हा १३. १९७७ ला तर लोकसभेत पाच खासदार. मग १९९० ला ८, २००४ ला २, २०१९ आणि २०२४ ला एकेक. ही सरळ घसरण नाही, पक्ष पडत-उठत गेला. नेते गेले तरी रायगड, सांगोला, मराठवाड्यातले काही तालुके इथे माणसं टिकली. गणपतराव देशमुख सांगोल्यातून १९६२ पासून तब्बल ११ वेळा निवडून आले. मुंबई-नागपूरच्या सत्तेने त्या दुष्काळी तालुक्याकडे कसं पाहिलं आणि तिथल्या लोकांनी त्यांना का सोडलं नाही, एवढ्यावरच एक प्रकरण होईल. २०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत, त्यांचे नातू ७६८ मतांनी हरले आणि २०२४ मध्ये ती जागा घरातच परत आली. आता हा पक्षाचा विजय म्हणायचा की घराण्याचा? मला याचं उत्तर हवं आहे, आणि ते गावोगाव फिरल्याशिवाय मिळणार नाही.

शेकापचे नेते दि. बा. पाटील यांचं नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्धचं १९८४ चं आंदोलनही असंच अभ्यासण्याजोगं. उरण-जासई परिसरात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं. मागणी पदरात पडली, पण शेती गेली, गावांभोवती शहर उभं राहिलं, आणि शेतकऱ्यांच्या पक्षाचा मतदारच बदलला.

मगोपची गोष्ट आटोपशीर आहे. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. दोन वर्षांनी झालेल्या पहिल्या निवडणुकीत ३० पैकी १४ जागा जिंकून भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा नव्हती. पक्षाची मुख्य मागणी महाराष्ट्रात विलीनीकरणाची. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ती ३४,०२१ मतांनी फेटाळली गेली. आणि दोनच महिन्यांत त्याच मतदारांनी मगोपला १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवलं! लोकांनी मागणी नाकारली पण पक्ष ठेवला, कारण कुळांना आणि मुंडकारांना (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांना) तो आपला वाटत होता आणि गावोगाव मराठी शाळा त्याने काढल्या होत्या. १९७२ ला १८ जागा. १९७३ ला भाऊसाहेब गेले, कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, आणि १९७९ मध्ये आमदार फुटून सरकार पडलं.

इथपर्यंतचा उतार शेकापसारखाच, वरून गळती लागलेला. पण १९८९ ला पक्ष ४० पैकी १८ जागांपर्यंत परत चढला होता. दोन वर्षांत पुन्हा फूट पडली, मगोपचेच रवी नाईक काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. खरा घाव त्यानंतरचा. १९९४ ला मगोपने भाजपशी युती केली: मगोप १२, भाजप ४. पाच वर्षांनी भाजप १० आणि मगोप ४. ज्याला हात धरून आणलं त्यानेच मतदार नेला. पुढे मगोप दोन-तीन जागांच्या वर गेला नाही.

म्हणून माझा सल्ला असा. कार्यकर्ते आणि नेते पक्ष का सोडतात, सोडत नाहीत ते का थांबतात, हा तुमचा प्रश्न असेल तर शेकाप घ्या. मतदार एका पक्षाकडून दुसऱ्याकडे कसा सरकतो हे पाहायचं असेल तर मगोप. हाताशी एकच वर्ष असेल तरीही मगोपच बरा. मतदारसंघ लहान, जनमत कौलासारखी नेमकी तारीख हाताशी, आणि विलीनीकरणाच्या बाजूचा ‘गोमन्तक’ व विरोधातला ‘राष्ट्रमत’ ही दोन मराठी दैनिकं समोरासमोर ठेवून वाचता येतात. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाची बाजू समजायला मात्र रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोकणी वाचता आली पाहिजे. ती येत नसेल तर वाचून दाखवणारं कुणी शोधा, नाहीतर प्रबंध एकांगी होईल.

शेकापसाठी वेळ दुप्पट धरा. सामग्री विखुरलेली आहे: अलिबागचा ‘कृषीवल’, पक्षाच्या जुन्या पुस्तिका, विधिमंडळातली कृष्णराव धुळप आणि एन. डी. पाटील या शेकाप नेत्यांची भाषणं. आणि जे कागदावर नाही ते म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या तोंडी आहे. चिरनेर, जासई, सांगोला इथल्या त्या माणसांची वयं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. मगोपची वर्तमानपत्रं पाच वर्षांनीही ग्रंथालयात असतील. पीएच.डी.पर्यंत जायचा विचार असेल तर सुरुवात शेकापपासून करा, आणि पहिल्या सुट्टीतच गावांकडे निघा.