±२ मीटर म्हणे! सत्तरीतल्या कुळागरात दोन हॅण्डहेल्ड जीपीएस, दहा महिन्यांनंतर

स्पेसिफिकेशन सगळीकडे लिहिलेली आहेत, ती इथे पुन्हा उगाळत नाही. नवं यंत्र दोन फ्रीक्वेन्सीचं, म्हणजे उपग्रहांचे एल-१ आणि एल-५ हे दोन्ही सिग्नल पकडणारं. बॅटरी आतच. चतुर्थीची सवलत धरून ४१ हजारांना पडलं. जुनं सात वर्षांपूर्वीचं, एकाच फ्रीक्वेन्सीचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं, साडेनऊ हजारांचं. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. खाली एका सर्व्हिस सेंटरबद्दल तोंड सोडणार आहे आणि कोर्टाच्या फेऱ्या मला परवडणाऱ्या नाहीत.

आधी घेतलं कशाला ते सांगतो, नाहीतर ‘मोबाईलात असतं की’ असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. (घरातून हे वाक्य आत्तापर्यंत चौदा वेळा ऐकून झालंय.) आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. वरच्या झरीचं पाणी दोन इंची पाइपाने खाली येतं. पाइप उघडा ठेवला तर गवे तुडवतात आणि काजूच्या दिवसांत वणवा लागला तर वितळतो, म्हणून सगळा पुरलेला. वाटेत अकरा जॉइंट आणि तीन व्हॉल्व्ह. पावसाळ्यानंतर रान पुरुषभर वाढतं आणि जमिनीखाली काय कुठे आहे ते देवालाच ठाऊक. तेव्हा एका मे महिन्यात मी प्रत्येक जॉइंटवर उभा राहून जुन्या यंत्रात खुणा करून ठेवल्या आणि स्वतःवर फार खूश झालो.

नोव्हेंबरात पाणी यायचं बंद झालं. सातव्या जॉइंटपाशी गळत असणार, असा अंदाज. जुन्यातल्या खुणा नव्यात चढवल्या आणि गड्याला घेऊन वर गेलो. यंत्राने बाण दाखवला, अंतर शून्य झालं, पडद्यावर ठसठशीत ±२ मीटर. खणलं. जांभ्यावर कुदळ खण्‌ खण्‌ वाजते तेव्हा हाताला झिणझिण्या येतात, पाइप लागत नाही. दुसरा खड्डा. तिसरा. गडी कुदळ टेकवून म्हणाला, “पात्रांव, हांगा कायच ना.” (मालक, इथे काहीच नाही.) चौथा खड्डा मी त्याला मारू दिला नाही, कारण तोवर अर्ध्या दिवसाची मजुरी मातीत गेली होती. दुसऱ्या दिवशी जॉइंट सापडला, फणसाच्या मुळाशी. टेपने मोजलं. पहिल्या खड्ड्यापासून सात मीटर वीस सेंटिमीटर.

त्याच रात्री रागाच्या भरात दोन तारे देऊन मोकळा झालो. ‘४१ हजारांत फसवणूक’ असं मथळ्यातच. ते रिव्ह्यू अजून तिथे आहे. हे त्याचं प्रायश्चित्त समजा, पण पूर्ण नाही.

मला खटकला तो आकडा. ±२. दोन म्हणजे दोन ना? तराजूवर दोन किलो दिसलं तर मापाड्याला आपण ‘साधारण’ म्हणू देतो का? तेव्हा ठरवलं की या दोनाचा छडा लावायचा.

अचूकता तपासायची तर खरी जागा आधी माहीत हवी. शेजारच्या वाटणीच्या मोजणीला सर्व्हेअर आला होता, सेंटिमीटरात मोजणारं आरटीके घेऊन. चहा आणि भरपूर आर्जवं खर्चून त्याच्याकडून आमच्या अंगणाच्या काँक्रीटवर एक खिळा मारून घेतला आणि त्याचे अक्षांश-रेखांश लिहून घेतले. झाडीत त्याचंही आरटीके चालेना, म्हणून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारी दुर्बीण) ओळ नेत पोफळींच्या मधोमध एका दगडावर दुसरी खूण. आता माझ्याकडे दोन खऱ्या जागा झाल्या, एक उघड्यावर आणि एक गच्च सावलीत. वाचकांपैकी कुणी हे करणार असेल तर सर्व्हेअरला आधी विचारा की आकडे डब्ल्यूजीएस-८४ वर, म्हणजे जीपीएस वापरतं त्या मोजणीच्या पायावर, आहेत का. जुने टोपोशीट (सरकारी नकाशे) एव्हरेस्ट नावाच्या जुन्या पायावर काढलेले. ते आकडे तसेच घातले तर आपल्या भागात शंभराहून जास्त मीटर इकडचे तिकडे होतात. माझ्या चुलतभावाचं घर असंच एकदा ओहोळाच्या पलीकडे गेलं होतं. नकाशावर, म्हणजे.

डिसेंबरभर रोज सकाळी साडेसहाला, चहा व्हायच्या आत, जुनं यंत्र खिळ्यावर ठेवून रीडिंग घ्यायचो आणि कालनिर्णयच्या पानामागे ठिपका काढायचो. एक सेकंद अक्षांश म्हणजे सुमारे ३१ मीटर, गोव्यात रेखांशाचा सेकंद ३० च्या जरा आत, हे ठाऊक असलं की ठिपके काढायला शाळेचा आलेख कागदही पुरतो. अठरा दिवसांचे ठिपके एका मुठीत मावतील असे आले. सगळेच्या सगळे खिळ्याच्या पूर्वेला, साडेतीन-चार मीटरवर!

मी काय निष्कर्ष काढला असेन? की सर्व्हेअरचा खिळा चुकला. फोनही लावणार होतो. देवाची कृपा, रेंज नव्हती.

मग एका रविवारी दुपारी सहज रीडिंग घेतलं, तर ठिपका खिळ्याच्या दुसऱ्या बाजूला, पाच मीटरवर. संध्याकाळी तिसरीकडेच. तेव्हा वाचायला बसलो आणि डोकं ठिकाणावर आलं. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटरवरून ११ तास ५८ मिनिटांत एक फेरी मारतात. म्हणजे आज साडेसहाला आकाशात जी मांडणी आहे, तीच उद्या चार मिनिटं आधी. रोज त्याच वेळी मोजलं की जवळजवळ तेच उपग्रह त्याच कोनात, आणि अंगणालगतच्या आमच्या पत्र्याच्या शेडवर आपटून येणारे सिग्नलही तेच. चूक रोज तीच येते आणि आपल्याला वाटतं, वा, काय स्थिर यंत्र आहे! ठिपके एकत्र येणं वेगळं आणि खिळ्यावर येणं वेगळं. माझे अठरा दिवस म्हणजे एकच रीडिंग अठरा वेळा घेतल्यासारखं झालं.

त्यापुढे वेळा बदलून मोजलं. पहाट, दुपार, रात्र, आणि दोन रीडिंगांत किमान दीड-दोन तासांचं अंतर. दुपारी दोनच्या आसपास जुनं यंत्र सगळ्यात जास्त भरकटायचं. त्याचं कारण आपल्या डोक्यावरच आहे. आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, सगळ्यात दाट पट्टा विषुववृत्तावर नसतो, त्याच्या दोन्ही अंगांना असतो, आणि गोवा त्याच्या टप्प्यात येतो. त्यात सूर्यही तेव्हा जोरात. सौरचक्र कमाल टप्प्यात असल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान-संस्था) यांनी जाहीर केलं होतं. एका फ्रीक्वेन्सीच्या यंत्राला या थरातला उशीर अंदाजपंचे वजा करावा लागतो, आणि त्या ठोकताळ्याने साधारण निम्मीच चूक निघते. दोन फ्रीक्वेन्सी पकडणारं यंत्र दोघींच्या येण्यातला फरक बघून तो उशीर स्वतः काढू शकतं. इथे ४१ हजार दिसतात, हे मान्य करायलाच हवं. दुपारी दोनलाही नव्याचा ठिपका खिळ्यापासून दोन मीटरच्या आत पडायचा.

आता तो ±. चाळीस-चाळीस रीडिंगं घेऊन मोजलं. अंगणात नव्या यंत्राने जेवढं सांगितलं तेवढ्या वर्तुळात खिळा सव्वीस वेळा सापडला. पोफळींत चाळीसपैकी अकरा वेळा. अकरा! पडद्यावर ±२ किंवा ±३, आणि दगड पाच-सहा मीटरवर. त्याचं कारण असं की यंत्राला खरी जागा ठाऊकच नसते. उपग्रह किती पसरलेले आहेत आणि सिग्नल किती बरा आहे यावरून ते स्वतःच स्वतःला गुण देतं. पानांतून, खोडांवरून फिरून आलेला सिग्नल त्याला सरळ आल्यासारखाच वाटतो. शिवाय हा आकडा बहुधा निम्म्या ते दोन-तृतीयांश वेळांपुरताच असतो. किती टक्क्यांचा, ते माझ्या मॅन्युअलच्या कुठल्याच पानावर नाही. पन्नास टक्क्यांचं वर्तुळ दोन मीटरचं असेल तर पंच्याण्णव टक्क्यांचं साधारण दुप्पट, चार मीटरचं. मग तसं लिहा ना! ±४ लिहिलं तर यंत्र खपणार नाही, एवढंच. दहा महिन्यांनीही माझा हा राग गेलेला नाही, बायकोने विषयावर बंदी घातली आहे.

पण सात मीटर वीस सेंटिमीटर ±४ मध्येही बसत नाही. ते बसवताना माझीच फजिती झाली, तीही सांगून टाकतो.

खुणा जुन्या यंत्राने केल्या होत्या. नवं यंत्र मला त्या खुणेपाशी बरोबर घेऊन गेलं, खूणच चुकीच्या जागी होती. खूण करतानाची चूक आणि शोधतानाची चूक, दोन्ही एकमेकींत मिसळतात. वर ती खूण करताना मी काय काय केलं होतं पाहा. सेल वाचावेत म्हणून ग्लोनास (रशियाचे उपग्रह) बंद. सेल वाचावेत म्हणून ‘गगन’ (चूक दुरुस्त करणारी सेवा, खाली सांगतो) बंद. यंत्र पट्ट्याला लटकवलेलं. त्याचा अँटेना चपटा, आकाशाकडे तोंड करून आडवा धरायचा. मी तो उभा, कमरेला, पोटाच्या आडोशाला. माणूस म्हणजे बहुतांश पाणी, आणि पाणी हे सिग्नल गिळतं. (नव्याचा अँटेना वर आलेल्या शेंडीचा, तो उभाच धरायचा. दोन यंत्रं वापरणाऱ्याने हे नीट लक्षात ठेवावं.) आणि जॉइंटवर पोचलो की लगेच बटण, पुढे चला.

चार सेलांची बचत किती, आणि अर्ध्या दिवसाची मजुरी किती? हा हिशेब मी घरात कुणाला सांगितलेला नाही.

मग जुन्यात दोन्ही चालू केलं, आणि हा खरा सुखद धक्का. गगन ही इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची व्यवस्था, विमानांसाठी केलेली. देशभरच्या संदर्भ केंद्रांवरून आयनोस्फिअरची वगैरे दुरुस्ती काढून भूस्थिर उपग्रहांवरून फुकट पाठवते. पडद्यावरच्या उपग्रहांच्या पट्ट्यांवर ‘डी’ अक्षर उमटायला मोकळ्यावर दोन-तीन मिनिटं लागतात, पण एकदा उमटलं की साडेनऊ हजारांचं यंत्र अंगणात दोन-अडीच मीटरवर येऊन बसलं. ४१ हजारांचं दीड मीटरवर. मधल्या अर्ध्या-एक मीटरची किंमत तुम्हीच काढा. मला काढवत नाही.

पोफळींत मात्र नव्याचाच हात वर. जुनं तिथे आठ-नऊ मीटर भरकटतं, नवं पाच. सरासरीची सोय दोघांत आहे. तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन दहा-दहा मिनिटं सरासरी घेतली तर नवं तीन मीटरच्या आत आलं, जुनं पाचवर अडलं. जूनमध्ये पानं ओली झाल्यावर दोघांचंही आणखी बिघडलं. मोबाईलही लावून पाहिला. अंगणात बरा, चारच्या आत. झाडीत बारा-पंधरा, आणि एकदा त्याने मला थेट रस्त्यावर नेऊन उभं केलं, कारण नकाशाच्या ॲपला माणूस रस्त्यावरच शोभतो. उंचीच्या आकड्याबद्दल बोलायलाच नको. एका ॲपने पणजीजवळच्या मिरामारच्या वाळूत मला समुद्रसपाटीखाली साठ मीटरहून जास्त दाखवलं. असे ॲप पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरची उंची दाखवतात, आणि आपल्याकडे समुद्रच त्या लंबगोलाच्या बराच खाली आहे. दोन्ही हॅण्डहेल्ड ही वजाबाकी आपणहून करतात.

आता सर्व्हिस सेंटर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नव्याच्या चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण तुटलं. बोटाच्या पेराएवढं. ते नसलं की पाणी आत, आणि सत्तरीतल्या पावसात ते नसणं म्हणजे यंत्र कपाटात. फोन केला. सेंटर दुसऱ्या राज्यात, भाषा तिसरीच. झाकण सुटं मिळत नाही म्हणाले, मागचं अख्खं कव्हर बदलावं लागेल, ३,४०० रुपये आणि कुरिअर वेगळं. वॉरंटी? रबर हा झिजणारा भाग. नऊ महिन्यांत झिजणारा! चार मेल, दोन फोटो, एकदा माझा चढलेला आवाज. शेवटी वाळपईच्या सायकलवाल्याने ट्यूबचा तुकडा कापून सोल्यूशनने बसवून दिला. वीस रुपये. अजून टिकलाय, बादलीत बुडवून पाहिलं.

जुन्याला सेलचं झाकण आहे, सात वर्षं तेच.

तीन-चार जणांनी विचारलं, जुनं विकणार का. नाही. गेल्या महिन्यात अकराच्या अकरा जॉइंट नव्याने तीन-तीन वेळा सरासरी घेऊन पुन्हा खुणावले, आणि त्याच खुणा जुन्यातही चढवल्या. शोधायला जाताना गडी जुनं घेऊन जातो. त्याला त्याची बटणं पाठ आहेत, आणि ते ओहोळात पडलं तरी माझा जीव खालीवर होत नाही. प्रत्येक जॉइंटपासच्या पोफळीला तांबडा पट्टाही मारलाय. दोन ताऱ्यांचे आता चार करतोय. पाचवा देणार होतो, पण ट्यूबचा तुकडा दिसला.