बेळगावहून अंदमान, सहा दिवस: जेल चोख, बेट अर्धवट

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे विकल्या जाणाऱ्या अंदमान सहलींचा साचा ठरलेला आहे: पाच रात्री, सहा दिवस, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), हॅवलॉक आणि नील ही बेटं आणि परत. इथे बेळगावातल्या एका सहल कंपनीचा असाच कार्यक्रम पारखला आहे. सेल्युलर जेलचा भाग चोख. माहितगार मराठी गाइड, सावरकरांच्या कोठडीपाशी पुरेसा वेळ, ध्वनि-प्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधीच काढलेली. राहणं-जेवण ठीक. रड आहे ती बेटाची.

उत्तर, मध्य, बाराटांग आणि दक्षिण अंदमान ही अरुंद खाड्यांनी तुटलेली एकच लांबलचक पट्टी आहे. म्यानमारच्या आराकान योमा डोंगररांगेचाच हा समुद्रातला पुढचा भाग. भारतीय भूपट्टा शेजारच्या भूपट्ट्याखाली सरकतो, म्हणून ही कड वर आली. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर उचलला गेला आणि तिथलं प्रवाळ उघडं पडून मेलं. दक्षिणेकडे सिप्पीघाटची भातशेतं मात्र खाऱ्या पाण्याखाली गेली. वंडूरच्या वाटेवर हे दाखवता येतं, पण गाइड त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

प्राण्यांच्या बाबतीत तर थेट चुकीची माहिती दिली जाते. पोर्ट ब्लेअरजवळच्या रॉस बेटावर हाताजवळ येणारी चितळं 'अंदमानचे वन्यजीव' म्हणून दाखवतात. ती इंग्रजांनी आणून सोडलेली. खानापूरकडच्या भीमगडच्या जंगलात चितळामागे वाघ-बिबट्या असतो, अंदमानात जमिनीवरचा मोठा शिकारी प्राणीच नाही. त्यामुळे जिथे चितळं वाढली तिथे कोवळी रोपं टिकत नाहीत. खरं अंदमानचं बघायचं तर चिडिया टापूला पहाटे जावं: काळा अंदमानी सुतार, अंदमानी भारद्वाज, अंदमानी सर्पगरुड. कार्यक्रमात चिडिया टापू आहे, पण सूर्यास्ताला. तिथे घड्याळ आपलंच आणि बेट बेळगावच्या पुष्कळ पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेचारला पोचून पक्षी काय दिसणार?

बाराटांग 'ऐच्छिक' म्हणून जादा पैशात देतात. ते घ्याच, पण काही गोष्टी आधी विचारून. जिरकाटांग नाक्यावरून जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून गाड्या ताफ्यानेच सोडतात. सकाळी सहाचा पहिला ताफा गाठायचा तर हॉटेल साडेतीनला सोडावं लागतं. तो हुकला की पुढचा नऊला, मग बाराटांगची चुनखडीची गुहा घाईत उरकावी लागते, कारण परतीचा शेवटचा ताफा दुपारीच सुटतो. वाटेत थांबणं, फोटो काढणं, जारवांना खाऊ देणं हा गुन्हा आहे. हे ड्रायव्हरने बसायच्या आधी सांगायला हवं. या सहलीत ते नाक्यावरच्या पाटीवर सोपवलं होतं. मिडल स्ट्रेटला फेरीबोटीने खाडी ओलांडायची, पुढे नीलांबूर जेट्टीवरून लहान होडी खारफुटीच्या बोगद्यातून नेते. होडीत हात बाहेर काढू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथे खरोखर आहेत. त्यानंतर चुनखडीच्या गुहेपर्यंत दीड-एक किलोमीटर पायवाट. चप्पल नको, पट्ट्याचे सँडल घाला.

मगरीची सूचना हॅवलॉकलाही द्यायला हवी होती. 2010 मध्ये राधानगर किनाऱ्याशेजारच्या नील्स कोव्हमध्ये मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला. जाळी लावलेल्या जागीच पाण्यात उतरावं. शंख-प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात आणि कायद्याचा ससेमिरा लागतो तो वेगळाच. वंडूरहून जॉली बॉय बेटावर जाताना प्लॅस्टिकची बाटली चालत नाही, स्टीलची न्या. नोव्हेंबर ते मे जॉली बॉय उघडं असतं, इतर महिन्यांत रेड स्किन बेट.

आमच्या मते हॅवलॉकची दुसरी रात्र आणि नील दोन्ही गाळून, एक दिवस वाढवून उत्तर अंदमानातल्या दिगलीपूरला दोन रात्री मागाव्यात. रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटर, अकरा-बारा तास. ज्येष्ठांना जड जाईल, पण बेट किती लांब आणि किती चिंचोळं हे तिथेच कळतं. 732 मीटरचं सॅडल पीक शिखर, रॉस (हे वेगळं रॉस) आणि स्मिथ बेटांना जोडणारा वाळूचा बांध, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत कालीपूरच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येणारी कासवं. कासवं बघायला वनखात्याच्या माणसाबरोबरच जावं. पांढऱ्या उजेडाची बॅटरी आणि फ्लॅश बंद, नाहीतर मादी अंडी न घालताच पाण्यात परतते. कंपनी आधी नाहीच म्हणेल. दहा-बारा जणांचा गट असेल तर स्वतंत्र गाडी देते, तेव्हा घासाघीस तिथेच करा आणि दिगलीपूरच्या मुक्कामाचं हॉटेल पावतीवर लिहून घ्या.