घोरण्याची तपासणी घरी, मशीनवर नजर दुरून: खानापूर-निपाणीकडे कितपत चालतं?

छातीला बांधायचा पट्टा, नाकाखाली लावायची नळी आणि बोटाची चिमटी. झोपेत श्वास अडतो का हे बघणाऱ्या, घरपोच येणाऱ्या स्लीप टेस्टच्या डब्यात एवढंच असतं. दवाखान्यात रात्रभर राहून होणाऱ्या तपासणीत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरीही नोंदवतात, इथे ते नाही. घोरता घोरता दम कोंडून दचकून उठणाऱ्या, दिवसा बसल्या जागी पेंगणाऱ्या माणसासाठी एवढं बहुतेक वेळा पुरतं. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला बेळगावात मुक्काम करावा लागत नाही, हा फायदा मोठाच. मात्र हृदय किंवा फुफ्फुसाचा मोठा आजार, अर्धांगवायू होऊन गेलेला किंवा मुळात झोपच न लागण्याची तक्रार असेल, तर या डब्याच्या नादी लागू नका. दवाखान्यातलीच तपासणी करा.

रात्र वाया जाते ती बहुतेक दोन कारणांनी. एक, कुशीवर वळताना नळी नाकातून निघते. झोपण्याआधी दोन्ही गालांवर कागदी चिकटपट्टी लावली की काम भागतं. दुसरं, चिमटी नेलपॉलिश किंवा गडद मेंदीच्या बोटाला लावली जाते आणि ऑक्सिजनचा आकडा चुकू शकतो. लग्नसराईत हे हमखास होतं. निदान चार तास चांगली नोंद हवी, नाहीतर पुन्हा रात्र काढा. बेळगावच्या उद्यमबाग कारखाना वसाहतीतल्या फाउंड्रीत रात्रपाळी करणाऱ्यांनी डबा घेतानाच सांगावं. काही यंत्रं रात्री ठरावीक वेळी आपोआप सुरू होतात. माणूस सकाळी आठला झोपणार असेल, तर वेळ बदलून घ्यायला हवी.

रिपोर्टमध्ये मुख्य आकडा एकच: तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला. 5 च्या खाली ठीक, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. यात एक मेख आहे. माणूस झोपला कधी हे घरच्या यंत्राला नेमकं कळत नाही, म्हणून ते नोंदीच्या पूर्ण वेळानं भागतं. सात तासांत 75 वेळा श्वास अडला, तर आकडा 11 च्या आत येतो, म्हणजे सौम्य. पण त्यातले दोन तास तो माणूस छताकडे बघत पडला असेल, तर खरा आकडा 15, म्हणजे मध्यमच्या उंबरठ्यावर. त्यामुळे त्रास स्पष्ट असताना रिपोर्ट 'नॉर्मल' आला, तर तिथे थांबू नका.

तपासणीला आम्ही चांगले गुण देऊ. खरी परीक्षा सीपॅप मशीन घरी आल्यावर होते. मशीन मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. आतलं सिमकार्ड वापराचे तास, हवेची गळती आणि श्वासाचे उरलेले अडथळे सकाळी कळवतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात जिथे रेंज नाही तिथे नोंद मेमरी कार्डवर साठते, फुकट जात नाही. पण पलीकडे ती कोण बघतं? महिनाभर कुणी फोनच केला नाही, तर ही 'दुरून देखरेख' फक्त कागदावरची. रात्री किमान चार तास आणि दहातल्या सात रात्री वापर, हा नेहमीचा मापदंड. पहिल्याच आठवड्यात वापराचा आकडा घसरला, तर त्याच आठवड्यात फोन यायला हवा, आणि तोही समजेल अशा भाषेत. रिपोर्ट इंग्रजीत, फोनवरचा माणूस कन्नड नाहीतर हिंदीत बोलणारा आणि आजी मराठी, असं झालं की मशीन कपाटात जातं. मराठी बोलणारा माणूस मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

मास्क व्हिडिओ कॉलवर बसवून घेता येतो, पण बसून नव्हे. उशीवर आडवं पडून, मशीन चालू ठेवून दाखवा. गळती तेव्हाच कळते. आधी पट्टे आवळू नका. मास्क चेहऱ्यापासून जरा ओढून पुन्हा टेकू द्या, कडा हवेनं फुगून बसते. कवळी काढून झोपणाऱ्यानं कवळी काढूनच माप द्यावं, गाल आत गेले की मास्क सैल पडतो. भरघोस मिशा असतील, तर तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कपेक्षा नाकपुडीत बसणारा बरा, तोंड उघडं राहत नसेल तर.

पावसाळ्यात कणकुंबीकडे हवाच इतकी ओली की ह्युमिडिफायर, म्हणजे पाणी तापवून हवा ओलसर करणारी मशीनची टाकी, बंद ठेवलेली चालते. विजेची बचत होते, कारण मशीनपेक्षा पाणी तापवायलाच जास्त वीज लागते. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर याच कारणानं जास्त वेळ टिकतो. लाईट परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं की बटण दाबावं लागतं, हे दिवसा प्लग काढून बघून ठेवा. थंडीत नळीत पाणी साचून नाकावर थेंब पडतात, तेव्हा मशीन अंथरुणापेक्षा खाली आणि नळी पांघरुणात ठेवा. टाकीत बोअरचं पाणी नको, पांढरा थर धरतो. बॅटरीचं पाणीही नको. औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि उरलेलं रोज सकाळी ओता. निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळ घर असेल, तर फिल्टर महिनाभर थांबून बदलू नका, करडा दिसला की बदला.

झोपेच्या गोळ्या फोनवरच देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी अंमली आणि मनोप्रभावी औषधं दूरसल्ल्यातून बाहेर ठेवली आहेत, आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या त्यातच येतात. शिवाय श्वास अडणाऱ्या माणसाला अशा गोळीनं घसा आणखी सैल पडू शकतो.

मशीन लगेच विकत घेऊ नका. आधी महिनाभर भाड्यानं घ्या. मास्क चेहऱ्याला बसला नाही तर बदलून मिळेल, हे बिलावर लिहून घ्या. मास्क एकदा वापरला की परत घेत नाहीत.